पंगतीतला एक घास

सोमवार, २७ डिसेंबर १९४३. सांगली. थंडी फार. पिठाचा डबा उन्हात ठेवला. दुपारी गुणमाला समडोळीहून परतली. तिची आई काल गेली.

गुणमाला माझ्या शेजारच्या खोलीत राहायची. जन्मानं जैन. विधवा झाल्यावर मिशनच्या दवाखान्यात आया म्हणून लागली आणि पुढं तिनं बाप्तिस्मा घेतला. माहेर तुटलं. आई तेवढी म्हणाली होती, "देव बदल, पण ताटात जीव घेऊ नको. तेवढं पाळलंस तर माझ्या तोंडात शेवटचं पाणी तूच घालायचं." गुणमालेनं ते पाळलं. दिवस मावळल्यावर जेवायचीसुद्धा नाही.

नाताळच्या पंगतीत आमच्या ख्रिस्ती मंडळीचे वडील, म्हणजे चर्चचे पंच, जोतीराम मास्तर मटण वाढत होते. तिच्या ताटाशी ते थांबले.

"येशूच्या शिष्याला, पेत्राला, देवानं आकाशातून जनावरांनी भरलेली चादर सोडून सांगितलं, मार आणि खा. तू पेत्राहून मोठी?"

"मला जमत न्हाई ओ, मास्तर."

"म्हंजे बाप्तिस्म्याचं पाणी डोक्यावरच ऱ्हायलं. पोटात अजून बस्तीच हाय, जैनांचं देऊळ."

पंगत हसली. मी म्हटलं, "मी शिकले त्या पाचगणीच्या कॉन्व्हेंटात सिस्टर दर शुक्रवारी मांस वर्ज्य करायच्या. त्या काय जैन होत्या?"

"तुमचं शिकल्या माणसांचं निराळं, बाई," म्हणत त्यांनी तिच्या भातावर रस्सा ओतला. सगळे बघत होते. तिनं एक तुकडा उचलला आणि न चावता गिळला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तिचा भाऊ नेमिनाथ बोलवायला आला. आईचं काही खरं नव्हतं.

समडोळीला आईनं तिचा हात धरून विचारलं, "पाळलंस न्हवं गं?" नेमिनाथानं मागून खुणावलं, व्हय म्हण.

"परवापतोर पाळलं, आई," गुणमाला म्हणाली.

आईनं हात सोडला नाही, पण ओठ मिटून घेतले. गुणमालेनं घातलेलं पाणी हनुवटीवरून उशीवर ओघळलं. शेवटचा घोट भावजयीच्या हातून गेला.

हे सगळं तिनं मला परतल्यावर सांगितलं. मी बायबलातलं पौलाचं रोमकरांना लिहिलेलं पत्र काढलं आणि वाचून दाखवलं, की खाणाऱ्यानं न खाणाऱ्याला तुच्छ मानू नये. तिनं ते पुन्हा वाचायला लावलं.

"हे मास्तरांच्या पुस्तकात न्हाई का, बाई?"

"आहे."

ती उठून आपल्या खोलीत गेली.

त्या संध्याकाळी माझ्या रोजनिशीच्या वहीत शेवटी लिहिलंय: दिवस मावळायच्या आत गुणमालेसाठी वेगळ्या पातेल्यात भात केला. सगळा उरला.