मावसाजींनी थांबवलेली लढाई

दिल्लीनं आमच्या मावसाजींचं ऐकलं असतं, तर गोवा एका दुपारीत सुटला असता. निदान पंचावन्न साली कामरगावात याबद्दल दुमत नव्हतं. मावसाजी म्हणजे माझ्या मावशीचे यजमान; सारं गावही त्यांना मावसाजीच म्हणे. आपल्या किराणा दुकानाच्या ओट्यावर ते मोठ्यानं पेपर वाचत आणि अर्धं गाव ऐके. बातमी कुठं संपली आणि मावसाजी कुठं सुरू झाले, हे ओळखणं कठीण. "घुसवा फौज! चार पोरं पडतीन, त्याले काय होते?" असं गरजून ते ओट्यावर फुटाण्यांच्या पलटणी मांडत आणि लढाई जिंकली की दोन्ही बाजू खाऊन टाकत. दुसऱ्यांच्या पोरांबाबत ते फार उदार होते. स्वतःला तीन मुलीच. घरात मात्र त्यांचा शब्द चालत नसे. मावशी आतून ओरडे, "घरातला बोका हाकलता येत नाई, अन् पोर्तुगीजाले हाकलून राह्यले!"

मग धाकट्या शांतासाठी मावशीनं रिठदचा मुलगा पसंत केला. मुलगा फौजेत. लग्नात मावसाजींनी त्याला वर्दीतच गावभर मिरवलं. पुढं शांता पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली, आणि त्याच सुमारास जावयाची पलटण बेळगावकडे हलल्याचं कळलं.

त्या दिवशी मावसाजी नेहमीच्या जोशात वाचत होते, "गोव्यात ताबडतोब फौज..." आणि त्यांची नजर दाराकडे गेली. पोटावर हात ठेवून शांता उंबऱ्यात उभी होती. मावसाजींनी चष्मा पुसला. "...पाठवायची काही गरज नाही," त्यांनी वाक्य पुरं केलं.

शेजारी बसलेल्या तलाठ्यानं पेपरात डोकावलं. "मावसाजी, इथं तर असं नाई लिवलं."

"तुही पोरगी उंबऱ्यात उभी हाये का? नाई ना? मंग चूप बस."

तेव्हापासून पेपर काहीही छापो, ओट्यावर समेटच होऊ लागला. महिन्याभरात कामरगाव इतकं शांतताप्रिय झालं, की बाजारात कुणी लढाईचं नाव काढलं तर लोक त्यालाच झापत, "तुह्या घरचं कोन जाऊन राह्यलं रे?"

शांताला मुलगी झाली. जावई रजेवर आला तेव्हा लोक गोव्याच्या हद्दीवरच्या गोष्टी ऐकायला जमले. तो बिचारा पोरीच्या मुठीतून आपलं बोट सोडवायला तयार नव्हता. मावसाजींनी सगळ्यांना हाकललं.

रजा संपल्यावर आम्ही त्याला बसवर सोडायला गेलो. कारंज्याची बस धूळ उडवत निघून गेली, तरी मावसाजी हलेनात. शांता म्हणाली, "बाबा, चाला ना घरी."

"थांब वं जराशी," रस्त्यावरची नजर न काढता ते म्हणाले. "हे गाडी नेमी त्या चढावर बंद पडते."

आम्ही बराच वेळ थांबलो. नेमकी त्या दिवशी ती बंद पडली नाही.