बोलावणं

नातीच्या शाळेतल्या कार्यक्रमात निवेदिकेनं काकीची ओळख ‘ओल्ड वेडिंग सिंगर’ अशी करून दिली आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये तिनं मला अडवलं. “बाई, ती मना म्हातारी बोलली, का गाणी जुनी बोलली?”

मी म्हटलं, दोन्ही असू शकतं. हे उत्तर तिला मुळीच पटलं नाही.

विचुंब्याच्या आमच्या इमारतीत सगळे मला बाईच म्हणतात. पनवेलच्या शाळेत इंग्रजी शिकवण्यात हयात गेली, लग्न केलं नाही, आता तिसऱ्या मजल्यावर एकटी राहते. काकी पाचव्या मजल्यावर मुलाकडे. त्यांची जमीन याच इमारतीखाली गेली, बदल्यात फ्लॅट मिळाले. काकी धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात हळदीपासून पाठवणीपर्यंत धवले गाऊन विधी पार पाडणारी. आता लग्नं हॉलमध्ये, डीजेवर. तिला कोणी विचारत नाही. नात घरात इंग्रजीच बोलते, ती काय बोलते हे काकीला समजून घ्यायचं होतं. मी म्हटलं, चार वाजता येत जा, शिकवते.

पहिल्या दिवशी चार वाजून गेले तरी ती आली नाही. शेवटी मीच वर गेले. बघते तर नवं लुगडं नेसून, केसांत अबोली माळून ती खुर्चीत बसलेली. “चला काकी,” म्हटल्याबरोबर उठली. दुसऱ्या दिवशीही तेच. तिला लिफ्टनं एकटीनं यायची भीती वाटत असेल असं मी धरून चालले आणि रोज तिला आणायला वर जाऊ लागले.

तिची शिकण्याची तऱ्हा वेगळीच होती. मी एक शब्द उच्चारला की ती तो दोनदा चालीत म्हणायची, मग त्याला स्वतःचा एक जोडायची. धवले ती असेच शिकली होती म्हणे, पुढच्या बाईच्या मागून. पळस्प्याच्या वाटेवर ‘हेवी व्हेईकल ड्रायव्हर पाहिजे’ अशी पाटी आहे, ती मी सांगितली. “डायवर जाडा पायजे का गारी?” तिनं विचारलं आणि आपल्या डंपर चालवणाऱ्या मुलाचं पोट आठवून एवढी हसली की चहा सांडला. मी ‘इंग्लिश टीचर’ म्हणजे इंग्रजी शिकवणारी, आणि इंग्रज बाईही, हे समजावलं, तेव्हा मला खालून वर न्याहाळून म्हणाली, “गोऱ्या तं तुमी नाय.” पुस्तकी धडे बाजूला पडले. मी रस्त्यावरच्या पाट्या, औषधांच्या बाटल्या, बिस्किटांचे पुडे धुंडाळून असे दुतोंडी शब्द तिच्यासाठी जमवू लागले. दिवसभरात माझं जे काही बोलणं व्हायचं ते त्या तासात. मला तिची सवय लागली होती, सरळच सांगते.

मग माझ्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं, म्हणून पुण्याला बहिणीकडे गेले. परत आले त्या दिवशी चारला चहाचं आधण ठेवलं. ती आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. वर जावं असं वाटलं, पण मनात म्हटलं, मी आलेय हे साऱ्या इमारतीला ठाऊक आहे, शिकायचं तिला आहे, आता लिफ्टचीही सवय झाली असेल. शिक्षकानं विद्यार्थ्याच्या दारात किती दिवस उभं राहायचं? लिफ्ट वाजली की कान दाराकडे जायचे. लिफ्ट मात्र पुढे वर निघून जायची. संध्याकाळी उगाच टीव्ही मोठ्यानं लावायची मी, घरात कुणाचा तरी आवाज असावा म्हणून. राग यायचा, आणि रागाच्या तळाशी रडू असायचं.

शेवटी राहवेना, गेले वर. दार तिच्या मुलानं उघडलं.

“आय गेली आपट्याला, मामाच्या घरी,” तो म्हणाला. “तुमी आलाव ते तिला म्हाईत व्हतं. रोज चारला लुगरं बदलून बसायची. मी बोललो, जा ना खाली, दोन माले तर हायत. तं बोलते, धवलारीण आपली आपण जात नाय, घरचं मानूस बोलवाया येते तवा जाते. येतील बाई.”

मी विचारलं, परत कधी येणार?

“नाय येत आता. बोलते, तिथं बोलाया मानसं हायत.” तो दार लावता लावता थांबला. “काय काम व्हतं का तुमचं?”

“काम नव्हतं,” मी म्हटलं. “बोलवायला आले होते.”