आमेनच्या आधी सुटलेली गाडी

हिंगोलीच्या डेपोत बाबांनी चपला काढल्या आणि मी दोन पावलं मागं सरकले. आता ते पत्र्याची पेटी खाली ठेवणार, माझ्या डोक्यावर हात ठेवणार आणि खड्या आवाजात प्रार्थना करणार. घरातून कुणी परगावी निघालं की हे ठरलेलंच. ओसरीत ते ठीक होतं. पण इथं, भर दुपारी, शेंगदाणेवाल्यासमोर, कॉलेजच्या पोरींसमोर? साल चौऱ्याण्णव. मी मिरजेला नर्सिंग शिकायला निघाले होते, आणि धरणीनं पोटात घ्यावं असं मला झालं होतं.

डोंगरकड्याजवळच्या आमच्या गावात ख्रिस्ती घरं चारच. बाबा कालव्याच्या पाण्यावर हळद घ्यायचे आणि रविवारी त्या चार घरांची उपासना चालवायचे. त्यांच्या प्रार्थनेला घाई ठाऊक नव्हती. त्या दिवशीही कालव्याचं पाणी झालं, शेजाऱ्याची आजारी म्हैस झाली, मग ड्रायव्हर आणि कंडक्टर झाले. आईनं पदर घेऊन डोळे मिटलेले. उघडे होते ते माझेच, म्हणून मिरजेच्या वाटेवरची आमची सोलापूरची गाडी हलताना एकट्या मलाच दिसली. ओरडायची लाज वाटली. मी बाबांची बाही ओढली. लेकरू रडतंय असं वाटून त्यांनी हात आणखी घट्ट दाबला आणि माझ्या आसवांसाठी वेगळी विनंती सुरू केली.

आमेन म्हणून डोळे उघडले तर गाडी गेलेली. त्या दिवसाची शेवटची. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत हजर झाले नाही, तर माझी जागा दुसरीला जाणार होती.

"गेली व्हय?" बाबा म्हणाले.

बाकावरचा एक गडी हसला. "काहून हो, देवानं गाडी धरून न्हाई ठेवली?"

बाबा चिडले नाहीत. "दुसरी देईल," म्हणाले आणि पेटीवर बसून राहिले. मला देवाचाही राग आला होता, बाबांचाही.

दुसरी मिळाली ती मोंढ्याच्या बाजारातून सांगलीला हळद नेणारा ट्रक. ड्रायव्हर बाबांच्या ओळखीचा निघाला. केबिन भरलेली, म्हणून अंगावरच्या कपड्यांनिशी बाबाही माझ्याबरोबर पोत्यांवर चढले. सकाळी वेळेत पोचलो, पण डोक्यापासून पायापर्यंत पिवळे. मुद्दाम शिवलेला माझा पांढरा ड्रेस बघवत नव्हता. वसतिगृहाच्या फाटकात पोरी खिदळल्या, "अगं, बोहल्यावरून पळून आलीस की काय?" आणि तिथं, त्या सगळ्यांसमोर, पिवळ्या केसांच्या बाबांनी पुन्हा चपला काढल्या.

"बाबा, इथं नको," मी म्हणाले.

"बराबर," ते म्हणाले. चपला पायात सरकवल्या आणि निघाले. त्यांनी चहा घेतला का, परत कसे जाणार, हेही मी विचारलं नाही.

गावी राहिलेल्यांनो, तुम्ही म्हणता, करुणानं नाव काढलं. मिरजेनंतर मस्कत, चकचकीत हॉस्पिटल, एसी फ्लॅट. आणि माझ्यासारखे निघून आलेल्यांनो, त्या चकाकीखाली काय असतं ते तुम्हाला सांगायला नको. त्याच देशाच्या मुली शिकून ड्यूटीवर येऊ लागल्या तशी आम्हा परक्यांची काँट्रॅक्टं एकेका वर्षाची झाली. नवऱ्याची नोकरी आधीच गेलेली. शुक्रवारी, तिथल्या सुट्टीच्या दिवशी, मराठी मंडळींच्या प्रार्थनेत मी उभी राहून सांगायची, देव पाहून घेईल, भिऊ नका. बायका डोळे पुसायच्या. आणि मी घरी येऊन पहाटेपर्यंत छताकडे बघत पडायची. भरवशाच्या गोष्टी सांगणारी मीच, आणि माझ्याच पदरात भरवसा नाही. शरमेनं मान वर होत नसे. अर्ज चारी दिशांना पाठवले याची लाज नाही, ते करावंच लागतं. पण प्रार्थनेत डोळे मिटले तरी माझा एक डोळा सतत गाडीवर असायचा.

दोन हजार सातच्या सुट्टीत गावी आले. परतताना पुन्हा तोच डेपो. मुंबईची गाडी लागलेली, पुढं विमान, आणि ठरल्या दिवशी ड्यूटीवर हजर झाले नाही तर काँट्रॅक्ट संपलंच. बाबा आता वाकलेले. त्यांनी चपला काढल्या नाहीत. एक हात गाडीच्या दाराला, डोळे टक्क उघडे, ओठ भराभर हलताहेत.

"बाबा, काहून असं?"

"गाडी पाहून राहिलो तुझी. जायची एखांद्या वक्ती."

आई हळूच म्हणाली, "तुला मिरजेला सोडून आले तवापासून चार माणसांत डोळे मिटत न्हाईत ते. लेकराला लाज वाटती म्हणून."

ज्यांच्या भरवशावर मी मस्कतला उपदेश करत राहिले, त्यांचेच डोळे मी उघडे ठेवायला लावले होते. मी सँडल काढले. फरशी तापलेली होती. बाबांचा हात दारावरून उचलून डोक्यावर घेतला आणि डोळे मिटले.

"बाबा, मोठ्यानं."

बाबांनी आणि आईनंही चपला काढल्या, डोळे मिटले. मग कालवा आला, शेजारीपाजारी आले, मस्कतचे रोगी आले, माझा नवरा आला. मागं इंजिन घरघरलं, हॉर्न वाजला. मी डोळे उघडले नाहीत.

आमेन झालं. गाडी गेली होती.

बाबांचा चेहरा कसनुसा झाला. "माज्यापायी पुन्ना तकलीफ झाली तुला."

"दुसरी देईल," मी म्हणाले. खरं सांगते, त्या शब्दांत विश्वास चिमूटभर होता, बाकी सगळी भीतीच.

पोचले मी वेळेत; काँट्रॅक्ट अजूनही एकेका वर्षाचंच. घर कुठं, असं मस्कतला कुणी विचारलं की मी हिंगोली सांगते. मनात मात्र डेपोतला तो सिमेंटचा बाक येतो. त्यावर दाटीवाटीनं बसलेले आम्ही तिघं, पायांत कुणाच्याच चपला नाहीत, आणि पुढची गाडी कुठली हे एकालाही माहीत नाही.