एथेल आत्या आणि मालापाची ओळ

आमच्या गावात ज्याला मतांगीकार पाठ आहे त्याला तो एथेल आत्यानेच शिकवलाय. चर्चमध्ये सगळे उभे राहून म्हणतात तोच, "मी विश्वास धरतो" वाला. मलाही तिनेच शिकवला. तोंडात सुपारी, बोटाला चुना आणि वर दटावणी, "मर्सी, नुसते ओठ काय हलवतेस? देव बहिरा आहे का?"

फक्त एक ओळ ती स्वतःची शिकवायची. पुस्तकात आहे, येशू मेला, त्याला पुरलं, तो अधोलोकात उतरला. आत्याचं आपलं, "तो मालापाला गेला." मालापा म्हणजे समुद्रापलीकडचं बेट. मेलेली माणसं तिथे जातात असं आमची जुनी माणसं मानायची. इतकी वर्षं कुणाला त्यात काही वाटलं नव्हतं.

सुट्टीत मी राजधानीतून, होनियाराहून, घरी आले तर गावात नुसता गोंधळ. रविवारी बिशप येणार, पोरांचं दृढीकरण करणार, म्हणजे पोरांनी त्यांच्यासमोर मतांगीकार म्हणून आपला विश्वास कबूल करायचा, आणि नव्या फादरनी नेमकी ती ओळ ऐकली.

"बाई, आपला तारणारा काय बोटीत बसून फिरायला गेला होता?" ते ओरडले.

"फिरायला नाही," आत्या म्हणाली. "माणसं आणायला."

घरी मात्र तिचा उकडलेला तारोचा कंद ताटात तसाच. शेवटी मी म्हटलं, "आत्या, म्हण ना पुस्तकातलं. एका शब्दासाठी काय जीव जाळतेस?"

"तुझा आजोबा डोंगरात वारला. बाप्तिस्मा नाही, काही नाही. मरताना म्हणाला, मी मालापाला चाललो. येशू दुसरीकडेच कुठे उतरला असेल तर माझ्या बापाला शोधणार कोण गं?"

धर्मशास्त्राच्या कॉलेजात आम्ही याच ओळीवर निबंध लिहिलेत. आजोबा माझ्या डोक्यातही आला नव्हता.

रविवारी चर्च भरलं. बिशप उभे, पोरं उभी, आत्या पुढे. "मेला, त्याला पुरलं," आणि आत्या गप्प! पोरांनी घाबरून अधोलोक म्हटलं, सगळं चर्च पुढे गेलं, तिसऱ्या दिवशी उठला, स्वर्गात चढला, आमेन. आत्या तिथेच. ओठ घट्ट मिटलेले.

फादर पुटपुटले, "झाला तमाशा."

बिशपांनी हातानेच त्यांना थांबवलं. "काय झालं, आई?"

"तुम्ही सगळे येशूबरोबर वर आलात," आत्या म्हणाली. "माझा बाप खालीच राहिला. होरोहाऊ त्याचं नाव. येशू त्याच्यापर्यंत गेला का? एवढंच सांगा."

मला वाटलं, आता हे नाही म्हणणार. नको, नाही म्हणू नका, प्लीज.

"मला माहीत नाही," बिशप म्हणाले. "तो उतरला एवढंच आपल्याला मिळालंय. कुठपर्यंत उतरला आणि कुठे थांबला, हे कुणीच लिहून ठेवलेलं नाही."

"मग मी म्हणू?"

"पोरांना पुस्तकातलं शिकवा. तुम्ही तुमचं म्हणा. आम्ही थांबतो."

आत्याने डोळे मिटले. "तो मालापाला गेला," ती म्हणाली. पुढचं तिला म्हणताच येईना, रडायलाच लागली. मग ती तिसऱ्या दिवसाची ओळ आम्ही सगळ्यांनी तिच्यासाठी पुन्हा म्हटली.