अंशाचा गोल

मंडळी, आज टिळकवाडीत आमच्या जुन्या साहेबांचा सत्कार झाला. ऐंशीच्या दशकात उद्यमबागेतल्या आमच्या कारखान्यात त्यांनी पहिला कॉम्प्युटर आणला म्हणून.

त्या कॉम्प्युटरला अंशाचं चिन्ह, आकड्याच्या डोक्यावरचा बारका गोल, माहीतच नव्हतं. कामाच्या कागदावर तीस अंशाचं नुसतं तीस छापून यायचं. सुरुवातीला ऑफिसातले लोक गोल पेनानं काढायचे. साहेबांनी तेही बंद केलं.

लेथवर, लोखंड कापायच्या मशीनवर, असलेल्या आमच्या आप्पांनी, म्हणजे वडलांनी, जाऊन विचारलं, हे तीस अंश की मिलिमीटर? "छापलंय तसं काप," साहेब म्हणाले. तीस मिलिमीटर कापलं. माल भंगारात गेला, ठपका आप्पांवर आला, नोकरी जाऊन ते घरी बसले.

आज मी साहेबांना तोंडावर विचारलं, तो गोल का बंद केलात? "एवढ्याशा गोलाचं काय घेऊन बसलास रं?" साहेब म्हणाले.

सगळे हसले. आप्पांच्या शेजारच्या लेथवरचे अण्णाही हसले. आप्पांनी विचारलं तेव्हा ते तिथंच उभे होते.

तुम्हीही हसला असता?