फोटोच्या कडेचा हात

आमच्या घरात जॅझ बँडचे अकरा फोटो आहेत. प्रत्येकात मधोमध ट्रम्पेट घेऊन काका उभे, आणि डाव्या कडेला एक हात, अर्धी झांज आणि एक बूट. तो हात माझ्या वडिलांचा. ड्रमर एरवी मागे, मध्ये बसतो. बाबा मात्र हट्टाने डावीकडे, पार भिंतीला खेटून बसायचे. फोटोवाला वैतागायचा, पण ते तसूभर हलायचे नाहीत.

दिवसभर ते दुकानात काचा कापत आणि संध्याकाळी हॉटेलच्या हॉलमध्ये ड्रम वाजवत. शेजाऱ्यांची कटकट नको म्हणून घरचा सराव पलंगावर, घोंगडीच्या घडीवर. सव्वीस वर्षं हे चाललं. एवढ्या वर्षांत त्यांचं नाव एकदाच छापून आलं, तेही चुकीचं.

नाव झालं ते काकांचं. ते सुरांच्या ऐन भरात मध्येच थांबत आणि त्या रिकाम्या जागेत नुसते ड्रम हलकेच वाजत राहत. या थांबण्यावर लोक जीव टाकायचे. काका गेल्यावर एक रेडिओवाले त्यांच्यावर कार्यक्रम करायला आमच्याकडे आले. काकूही येऊन बसल्या होत्या. रेडिओवाल्यांनी बाबांना विचारलं, की असं थांबणं काकांना सुचलं तरी कसं?

माझ्या अंगाचा तिळपापड झाला, कारण मला खरं ठाऊक होतं. काकांना दमा होता. हॉटेलच्या मालकाला कळलं असतं तर नोकरी गेली असती, म्हणून घराबाहेर कोणाला पत्ता लागू दिला नव्हता. श्वास संपत आला की त्यांचा उजवा खांदा किंचित वर जाई. तो दिसावा म्हणून बाबा कडेला बसत, आणि काकांना दम खाता येईपर्यंत एकटे वाजवून वेळ निभावून नेत. आता तरी त्यांनी तोंड उघडावं, एवढंच मला हवं होतं.

बाबा म्हणाले, "त्याचं त्यालाच सुचायचं. मी आपला मात्रा मोजत बसायचो."

रेडिओवाले लिहून घेऊ लागले. मला रागाने रडू फुटायच्या बेतात होतं. काकूंनी कप खाली ठेवला.

"दमा होता त्यांना," त्या म्हणाल्या. "थांबायचे ते श्वासासाठी. पुढचं सगळं भाऊजींचं."

बाबा उठून आत निघून गेले. रेडिओवाल्यांनी त्यांचं नाव माझ्याकडून नीट लिहून घेतलं.

कार्यक्रमात ते नाव दोनदा घेतलं, अगदी स्पष्ट. मी आवाज मोठा केला. आतल्या खोलीतून बाबांनी विचारलं, "त्याच्या दम्याचं सांगितलं का?"

मी हो म्हणाले. त्यांनी चपला घातल्या आणि फिरायला गेले. पुढे महिनाभर ते काकूंशी बोलले नाहीत.