टाइमआऊट वाचवणारा कोच

माझ्या नातीच्या कॉलेजची मुलींची बास्केटबॉल टीम यंदा एकच मॅच जिंकली. तीसुद्धा समोरच्या टीमच्या तीन पोरी तापाने घरी होत्या म्हणून. बाकी सगळ्या हरली. हरण्याला माझी ना नाही, खेळात कोणीतरी हरणारच. पण ही टीम पोरींमुळे हरली नाही. बाकावर बसलेल्या दोन दीडशहाण्यांमुळे हरली. ते मी माझ्या डोळ्यांनी बघितलं, म्हणून लिहितो. गोड लिहिता येत नाही मला. सातवीनंतर शाळा सुटली. पुढचं सगळं दुबईत रास अल खोरच्या वर्कशॉपमध्ये शिकलो, एसीचे कॉम्प्रेसर खोलता खोलता.

बास्केटबॉल हा माझा खेळ नव्हे. माझ्या बायकोचा. ती वसईला शाळेत असताना खेळायची, चर्चच्या मागच्या मैदानात. लग्न झालं आणि खेळ सुटला. का सोडलास, असं मी तिला कधी विचारलं नाही. मग आमची नात सात वर्षांची झाली तेव्हा एका संध्याकाळी ती ओढणी कमरेला बांधून खाली उतरली. अल नहदाला आमच्या बिल्डिंगखाली सिमेंटचं कोर्ट आहे, तिथे तिने पोरीला बॉल कसा धरायचा ते दाखवलं. मी बाल्कनीतून बघत होतो. पन्नाशी उलटलेली बाई, पहिलाच बॉल रिंगमधून खाली. मला माहीतच नव्हतं माझ्या घरात असं काही आहे.

नात कॉलेजच्या टीममध्ये आली तेव्हापासून आम्ही दोघं प्रत्येक मॅचला जायचो. सिलिकॉन ओएसिसला त्यांचा हॉल आहे. तिसरी रांग, बाकाच्या बरोबर मागे. बायको माझ्या कानाशी सांगायची, आता ती उंच पोरगी डावीकडून घुसेल बघ. आणि ती डावीकडूनच घुसायची. मी म्हणायचो, तुला कसं कळतं गं? ती म्हणायची, "बॉलकडे काय बघता, पायांकडे बघा. तुम्ही गॅस कुठून गळतो ते बघायला पंखा बघत बसता का?"

गेल्या वर्षी तिच्या पोटात गाठ निघाली आणि तीन महिन्यांत ती गेली. वसईला नेली, तिथेच माती दिली. परत आलो आणि पहिल्याच शनिवारी मुलाला म्हटलं, मला मॅचला सोड. तो म्हणाला, "पप्पा, एवढ्यात?" मी म्हटलं, मग काय करू, टीव्हीसमोर बसून डाळिंबाचे दाणे काढू?

खरं सांगायचं तर मॅच कोण जिंकतं याच्याशी मला काही घेणं नव्हतं. नात बॉल सोडते ना, तेव्हा शेवटी तिचं मनगट खाली पडतं आणि बोटं क्षणभर तशीच लोंबतात. ते मनगट माझ्या बायकोचं आहे. आता दुसरीकडे कुठे ते मला दिसत नाही. पोरगी खेळायची थांबली की तेही गेलं. एवढाच माझा स्वार्थ.

आणि नेमकं यंदाच कॉलेजने जुन्या कोचला घालवलं. मनिलाचा म्हातारा होता, वर्षानुवर्षं त्या लाकडी फ्लोअरवर उभा राहून गुडघे झिजवलेला. बोलायचा कमी. पोरी त्याला घाबरायच्या आणि तो दिसला नाही तर त्याला शोधायच्या. त्याचं कॉन्ट्रॅक्ट संपलं, कॉलेजने पुढे दिलं नाही. त्याच्या जागी दोघे आणले. एक आपलाच मराठी पोरगा, शारजात वाढलेला, पंचविशीचा, कॉलेजातून परवा बाहेर पडलेला. दुसरा त्याचा मित्र, जिममध्ये लोकांना वजनं उचलायला लावणारा. दोघांनी मिळून आयुष्यात एक टीम सांभाळली नव्हती. पण टी-शर्टवर पाठीमागे मोठ्या अक्षरात 'कोच' छापलेलं.

वर्कशॉपमध्ये आमचा एक नियम होता. नवीन माणूस आला की त्याच्याबरोबर जुना द्यायचा. पहिली दोन वर्षं नव्याने पान्हा द्यायचा, बघायचं, शिव्या खायच्या. दोन नवे एका कामावर कधीच पाठवायचे नाहीत. एकदा घाईत आमच्या फोरमनने पाठवले. दोघांनी मिळून गॅस भरलेला असतानाच पाइप कापला. एकाला वाटलं दुसऱ्याने रिकामा केला असेल, दुसऱ्याला वाटलं पहिल्याने. हात भाजले दोघांचे. ते काय मूर्ख नव्हते, त्यांना पाठवणारा मूर्ख होता. पण त्या दिवशी शिव्या मी तिघांनाही दिल्या.

आता यांची तऱ्हा सांगतो. जिमवाल्याच्या मोबाईलवर चार मिनिटांचा गजर लावलेला. गजर वाजला की खेळणारी पोरगी बाहेर, बसलेली आत. कोणाचा हात चालतोय, कोण दमलंय, काही बघायचं नाही. मी विचारलं, हे काय? मराठी पोरगा म्हणाला, "अंकल, सगळ्यांना इक्वल चान्स." अरे, ही काय रांगेत प्रसाद वाटायची जागा आहे?

आणि टाइमआऊट. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. मॅच चालू असताना कोच एक मिनिट खेळ थांबवून पोरींना जवळ बोलावू शकतो. पहिल्या अर्ध्या भागात दोनदा, दुसऱ्यात तीनदा. पहिल्या भागातले वापरले नाहीत तर ते गेले, पुढे नेता येत नाहीत. आणि दुसऱ्या भागातले तिन्ही शिल्लक ठेवलेत तर शेवटच्या दोन मिनिटांत त्यातला एक मरतो, दोनच राहतात. हे मला बायकोने सांगितलं होतं. तिचं म्हणणं, टाइमआऊट म्हणजे मासळी, आणली त्या दिवशी खायची.

पहिल्याच मॅचला समोरच्यांनी लागोपाठ पाच बास्केट टाकले. आमच्या पोरी एकमेकींच्या तोंडाकडे बघायला लागल्या. मी तिसऱ्या रांगेतून ओरडलो, "अरे, थांबव. टाइमआऊट घे." पोरगा वळला, हसला, आणि दोन बोटं दाखवली. अर्धा खेळ संपल्यावर मी खाली गेलो.

"दोन बोटं कसली दाखवतोस?"

"अंकल, दोन सेव्ह केले. लास्टला लागतील."

"सेव्ह कुठे केलेस? मेले ते आता."

"नो अंकल, अमेरिकेत कॅरी होतात. मी सगळ्या मॅचेस बघतो."

"ही अमेरिका आहे का? हे सिलिकॉन ओएसिस आहे."

जिमवाला मध्ये पडला. "यल्ला, कम ऑन कोच, लीव्ह इट." आणि दोघं परत टॅबलेटमध्ये डोकं घालून बसले. त्या टॅबलेटवर रंगीत बाण होते. पोरी घामाने निथळत पाणी मागत होत्या, हे त्यांना बाण दाखवत होते.

पुढे स्कोअर लिहिणाऱ्या टेबलावरच्या बाईने सांगितलं तेव्हा पहिल्या भागाचा नियम त्याला कळला. पण शेवटच्या दोन मिनिटांचा कळला नाही. मी तीनदा सांगितलं. एकदा हॉलमध्ये, एकदा पार्किंगमध्ये, एकदा तो आमच्या बिल्डिंगखाली शावरमा खात उभा होता तेव्हा. तिन्ही वेळा एकच उत्तर, "शुअर अंकल." 'शुअर अंकल' म्हणजे काय ते मी बरोबर ओळखतो. माझा मुलगाही फोन ठेवायच्या आधी तसंच म्हणतो.

मग मी ओरडायला लागलो. प्रत्येक मॅचला. आजूबाजूची पोरं हसायची, काहींनी तर माझा व्हिडिओ काढला. काढू दे. पण एका शनिवारी परत येताना गाडीत नात मागच्या सीटवरून बोलली.

"आजोबा, यू कान्ट शाउट लाइक दॅट."

"मग कोण ओरडणार? तुझा कोच?"

"ही गेट्स नर्व्हस. मग तो अजून चुका करतो. ॲण्ड देन वी लूज. ॲण्ड एव्हरीवन लुक्स ॲट मी."

मुलगा गाडी चालवत होता, तो म्हणाला, "पप्पा, ती बरोबर बोलतेय."

"आय ॲम क्विटिंग," ती म्हणाली. "उद्याच मेसेज करते. आय हेट इट नाऊ. खलास."

मोहम्मद बिन झायेद रोडवर गाड्या तुंबल्या होत्या. मग विचारलं, मी गप्प बसलो तर खेळशील? तिने खिडकीकडे तोंड केलं. "लास्ट मॅचपर्यंत. एक शब्द नाही हं, आजोबा. प्रॉमिस करा." केलं.

गप्प बसणं मला नवीन नव्हतं. हॉस्पिटलमध्येही मुलगा म्हणाला होता, पप्पा तुम्ही बोलू नका, मी इंग्लिशमध्ये बोलतो. मी कोपऱ्यातल्या खुर्चीत हात मांडीवर ठेवून बसलो. डॉक्टर वीस मिनिटं बोलला, मुलाने मला दोन वाक्यांत सांगितलं. बायको माझ्याकडे बघत होती, की हा आता काहीतरी विचारेल. मी विचारलं नाही. विचारून काही बदललं असतं असं मी म्हणत नाही. पण तिला ऐकू तर गेलं असतं, की माझा माणूस बोलला.

शेवटच्या मॅचला तिसऱ्या रांगेत बसलो, तोंडात वेलची धरून. त्या दिवशी पोरी खरंच खेळल्या. गजरबिजर वाजूनही खेळल्या. अडीच मिनिटं राहिली तेव्हा आमच्या सहा पॉइंट पुढे. आणि पोरग्याच्या खिशात तिन्ही टाइमआऊट, तसेच कोरे. मी वेलची चावली. समोरच्यांनी एक टाकला. लगेच बॉल हिसकावून दुसरा टाकला. आता थांबव, आता. नात कोर्टातून बाकाकडे बघत होती, हाताने खूण करत होती. खेळाडूला टाइमआऊट मागता येत नाही, कोचनेच मागायचा असतो. पोरग्याने तिला हाताने शांत केलं आणि जिमवाल्याला तीन बोटं दाखवली. घड्याळात दोन मिनिटं राहिली आणि तीनचे दोन झाले. त्याला पत्ताच नाही.

पुढचं काय सांगू. त्याने दोन टाइमआऊट घेतले ते वीस-वीस सेकंदांनी, घाबरून, बॉल आमच्याकडे असताना. शेवटी अकरा सेकंद राहिले, आम्ही एका पॉइंटने मागे, बॉल आमचा, आणि हा टेबलाकडे धावला. तिसरा मागायला. बाईने नाही म्हणून मान हलवली. हा वाद घालायला लागला, 'आय सेव्ह्ड इट, आय सेव्ह्ड इट', आणि त्याच्याकडे बघत बघत आमची बॉल आत फेकणारी पोरगी उभीच राहिली. पाच सेकंदांत बॉल आत टाकावा लागतो, ते संपले. शिटी. बॉल गेला. मॅच गेली.

मी जागेवरच बसलो होतो. शब्द दिला होता.

हॉल रिकामा व्हायला लागला तसा तो पोरगा वर माझ्याकडे आला. चेहरा पांढरा पडलेला.

"अंकल, तुम्हाला माहीत होतं?"

"होतं."

"मग आज बोलला का नाही?"

मला राग आला. "तीनदा बोललो होतो. तू शावरमा खात होतास. आज मी कोणालातरी शब्द दिला होता. तुझ्या चुका सांभाळायला मी प्रत्येक वेळी यायचं का?"

"मला कोणी शिकवलं नाही, अंकल. दोन आठवड्यांत टीम हातात दिली. आस्क करायला कोणी नव्हतंच."

"मी होतो ना."

नात खालून आली, टॉवेल गळ्यात, डोळे लाल. मला वाटलं ही आता म्हणणार, झालं, सोडलं. एवढ्यात कॉलेजची स्पोर्ट्सवाली बाई तिथे आली. इजिप्तची आहे, नेहमी हसतमुख. इंग्रजीत म्हणाली की पोरींनी छान लढत दिली, पुढच्या वर्षी इन्शाल्ला अजून चांगलं होईल. हातात गाडीची चावी.

मॅच संपली होती, तेव्हा शब्दही संपला होता. मी मराठीत सुरू केलं, कारण रागात मला दुसरी भाषा येत नाही. म्हटलं, बाई, एका कामावर दोन नवे पाठवायचे नसतात. जुना माणूस घालवलात आणि त्याच्या जागी ही दोन लेकरं बसवलीत. हा पोरगा वाईट नाही, ह्याला काही येत नाही. पण ह्याला काही येत नाही हे तुम्हाला माहीत होतं. हरल्या पोरी, लाज पोरींची गेली, आणि तुम्ही इथे छान लढत म्हणून टाळ्या वाजवताय.

बाई नातीकडे बघायला लागली. मी नातीला म्हटलं, सांग तिला. मनात धरून चाललो होतो की ही म्हणेल, 'आजोबा, प्लीज.'

तिने टॉवेलने तोंड पुसलं आणि सांगायला लागली. इंग्रजी मला थोडं समजतं, वर्कशॉपपुरतं. तिने काही गाळलं नाही. 'लेकरं'सुद्धा गाळलं नाही. शेवटी माझं नसलेलं एक वाक्य तिने स्वतःचं घातलं: ती टीम सोडणार नाही, पण शिकलेला कोच आणल्याशिवाय ह्यातली एकही पोरगी पुढच्या वर्षी फ्लोअरवर उतरणार नाही. मागे चार-पाच पोरी उभ्या होत्या, त्यांनी माना डोलावल्या.

बाईने कोचकडे बघितलं. तिला वाटलं असेल हा मराठी आहे, हा तरी म्हणेल की म्हाताऱ्याने असं काही म्हटलं नाही. पोरगा म्हणाला, "येस मॅडम. दॅट्स व्हॉट ही सेड. शी ट्रान्सलेटेड इट करेक्टली."

"फीडबॅक फॉर्म आहे वेबसाइटवर," बाई म्हणाली.

"फॉर्म नाही," नात म्हणाली. "मीटिंग."

सोमवारी अकराची वेळ दिली आहे. जुना मनिलावाला अजून दुबईतच आहे, एका शाळेत लहान मुलांना शिकवतो, असं पोरींनी शोधून काढलं आहे. त्याला अर्धा दिवस तरी आणा, ह्या पोरग्याच्या शेजारी बसवा, हे मी बाईला सांगणार आहे. पोरगाही येणार म्हणतो. येऊ दे. त्याच्यावरचा राग माझा अजून गेलेला नाही, आणि तो जावा म्हणून मी काही करणारही नाही. मुलाने विचारलं, "पप्पा, मी येऊ का बोलायला?" मी म्हटलं, तू गाडी चालव.